मोडी, शिकस्ता आणि मोबाईलवरची दखनी

आपल्याकडच्या लग्नपत्रिकेच्या माथ्यावर, दुकानाच्या पाटीवर, ट्रकच्या पुढच्या काचेवर ७८६ हा आकडा असतो. बिस्मिल्लाहच्या पूर्ण वाक्यातील अक्षरांची अबजद पद्धतीने बेरीज केली की तो येतो. कागद पायदळी जाईल, पाक नावाची बेअदबी होईल, या भीतीने कुणीतरी पूर्वी वाक्याच्या जागी आकडा लिहू लागले आणि ती चाल पडली. बऱ्याच उलेमांना ती पसंत नाही. आकड्याला बिस्मिल्लाहचा सवाब नाही, हे त्यांचे म्हणणे रास्तच आहे. त्या वादात आम्ही शिरत नाही. एवढेच नोंदवतो की, शब्दाऐवजी आकडा लिहिणारा पहिला माणूस हातात मोबाईल घेतलेला पोरगा नव्हता.

हे आधीच सांगून टाकण्याला कारण आहे. गेवराईत काय किंवा बीड, माजलगावात काय, उर्दू शाळेतले दोन शिक्षक एकत्र आले की पाच मिनिटांत एक वाक्य निघतेच : मोबाईलने पोरांची जबान बिघडवली. पालकसभेतही तेच. पुरावा म्हणून एखाद्या आठवीतल्या मुलाचा मोबाईल पुढे केला जातो. त्यात इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असते, ‘कल स्कूल कू नै आरा मैं, सर पूछे तो बोल.’ त्यातले स्वर निम्मे गळालेले. ‘है’च्या जागी एकटा एच, ‘में’च्या जागी एम, ‘क्यूँ’च्या जागी इंग्रजी वर्णमालेतला क्यू. बघणारा कपाळाला हात लावतो. पण त्याला नेमके काय खटकले? शब्द तोडले हे, इंग्रजी अक्षरे वापरली हे, की ‘स्कूल कू नै आरा’ ही घरातली बोली चारचौघांत लिहिली हे? आपण या सगळ्या तक्रारी एकाच पोत्यात भरतो आणि पोते मोबाईलच्या पाठीवर टाकतो.

शब्द तोडण्याची तक्रार इतिहासापुढे टिकत नाही. जुन्या ट्रंकेतले कुठलेही मराठी पोस्टकार्ड काढून पाहावे. वर ‘ति. स्व.’, मग ‘सा. न. वि. वि.’, शेवटी ‘क. लो. अ.’, पत्त्यात ‘मु. पो.’. मजकूर संपल्यावर काही आठवले तर ‘ता. क.’. हा ताजा कलम म्हणजे शुद्ध फारसी. तो मराठी पत्रात असा मुरला की लिहिणाऱ्याला त्याची जातकुळी विचारावीशी वाटली नाही. (मौलवी अब्दुल हक साहेबांनी मराठीवरील फारसीच्या परिणामावर एक आख्खे पुस्तक लिहिले. ते १९३३ साली आपल्याच औरंगाबादेतून अंजुमन तरक्की-ए-उर्दूने छापले. आज किती मराठी घरांत ते ठाऊक आहे?) आपल्या उर्दू पत्रांतही तेच. नबींच्या नावापुढे दुरूदऐवजी एक छोटी खूण, सहाबांच्या नावापुढे दुसरी, बुजुर्गांच्या नावापुढे तिसरी. दुरूदची अशी काटछाट करू नये म्हणून उलेमा फार पूर्वीपासून बजावत आले. म्हणजे तोडणारेही जुने आणि बजावणारेही जुने. मग तार आली. तिथे शब्दामागे पैसे. सणाच्या शुभेच्छांसाठी तार खात्याने ठरावीक वाक्यांचे क्रमांकच देऊन ठेवले होते आणि त्यांत ‘ईद मुबारक’लाही एक क्रमांक होता. १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली; त्या आकड्यांनी आपली जबान बिघडली असे कुणी म्हटल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

कचेऱ्यांकडे पाहिले तर तोडण्याची गोष्ट याहून मोठी आहे. मराठीचा कारभार कैक शतके मोडीत चालला. हेमाडपंताने ती आणली असे परंपरा सांगते. कारकुनाने आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्य तो न उचलता त्या रेघेला अक्षरे लटकवत जायचे. वेलांटी-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळायचा नाही, कारण तेवढा वेळ कुणाला होता? आज शाळेत ज्या चुकीबद्दल मुलाचा अर्धा गुण कापला जातो, ती पेशव्यांच्या दफ्तरात पानोपानी आहे. फारसी-उर्दू कचेरीत याच कामाला शिकस्ता होती. नस्तालीक म्हणजे खुशखत, पाटीवर गिरवायचे अक्षर. शिकस्ता म्हणजे घाईतले. न जोडायची अक्षरे त्यात जोडली जातात, नुक्ते गळतात, दोन शब्द एका फटकाऱ्यात येतात. नुक्ता वरून खाली आला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो, हे आपण लहानपणापासून ऐकले. शिकस्ता लिहिणारा मुन्शी मात्र दोन्ही नुक्ते सोडून बिनघोर पुढे जायचा आणि वाचणारा बरोबर वाचायचा. शिकस्ता या फारसी शब्दाचा अर्थ मोडलेला. मोडीचे नावही मोडण्यावरूनच सांगतात. गोदाकाठच्या एकाच मुलखात दोन जमातींच्या कारकुनांनी आपापली लिपी मोडली आणि दोघांनी नावही एकाच अर्थाचे ठेवले, हे आम्हाला मोठे गमतीचे वाटते.

आता बोलीकडे येऊ. आपण घरात जी बोलतो तिला आपणच ‘अपनी टूटी-फूटी’ म्हणतो. ही टूटी-फूटी दखनी एकेकाळी तख्ताजवळची भाषा होती. बहमनी काळात, पंधराव्या शतकात, निजामीने तिच्यात ‘कदमराव पदमराव’ ही मसनवी लिहिली. गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहा तिच्यात शायरी करी, आणि मुल्ला वजहीने १६३५ साली तिच्यातच ‘सबरस’ हे गद्य लिहिले. या वाङ्मयात आपला ‘नको’ आहे, जोर देणारा मराठी ‘च’ आहे. तो ‘मैंच बोल्या’ म्हणणाऱ्या पोराने गेवराईच्या बाजारात उचललेला नाही, तो तिथे चारशे वर्षे बसलेला आहे. नाथांनी पैठणात हिंदू-तुर्क संवाद लिहिला तेव्हा त्यातला तुर्क याच बोलीच्या ढंगात बोलला. नाथांनी ‘अर्जदस्त’ म्हणून दरबारी अर्जाच्या थाटाचे भारूडही रचले. आणि गेवराईहून उत्तरेला निघून गोदावरीचा पूल ओलांडला की शहागड लागते, तिथे शहामुनींची समाधी आहे. त्यांनी ‘सिद्धांतबोध’ मराठी ओवीत लिहिला. घरातली जबान एक, लिहिण्याची दुसरी, हा आपल्या लोकांचा फार जुना रिवाज आहे.

१६८६ मध्ये विजापूर पडले, १६८७ मध्ये गोवळकोंडा. औरंगाबाद दख्खनची राजधानी झाली आणि दिल्लीची बोली दख्खनेत आली. वली आपल्या औरंगाबादचाच. पण त्याच्यानंतर शायरांनी हळूहळू दिल्लीच्या वळणाची उर्दू धरली. दखनी कागदावरून उतरली आणि नुसती तोंडात राहिली. पुढे सुलेमान खतीबांसारख्या शायरांनी तिला मुशायऱ्यात आणले खरे, पण लोक ऐकून हसले, ही हसण्याचीच भाषा समजली गेली. १८८०च्या दशकात निजामाच्या दरबारात फारसीच्या जागी उर्दू आली, १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, कायदा आणि डॉक्टरीसुद्धा उर्दूतून शिकवली गेली. ती उर्दू किताबी होती. अम्मीजान चुलीपुढे जे बोलत ते नव्हते. शाळेनेही तेच केले आणि आजही करते. आमच्या वर्गात मुलगा उठून म्हणाला, ‘सर, मेरेकू पानी पीना’, तर आम्ही आधी त्याचे वाक्य दुरुस्त करतो आणि मग त्याला पाणी प्यायला सोडतो.

तीनशे वर्षे जी बोली कुणी सहसा लिहिली नाही, ती आज तेरा-चौदा वर्षांची मुले रोज लिहीत आहेत. ‘कायकू’, ‘नक्को’, ‘हौ’, ‘किदर मर गया था रे’. त्यांना कुणी सांगितले नाही, शिकवले नाही, बक्षीस लावले नाही. मोबाईलमध्ये इमला तपासणारा मुदर्रिस नव्हता एवढेच. ज्याला आपण बिघाड म्हणतो त्यात ही गोष्टही आहे, आणि ती आम्हाला बिघाड वाटत नाही.

मग ही दखनी उर्दू अक्षरांत का आली नाही? उर्दू माध्यमाच्या मुलाने ‘अलिफ बे’ सोडून ‘ए बी सी’ का उचलली? आपण लगेच म्हणतो, फॅशन. फॅशन थोडी असेलही, पण मूळ कारण यंत्रात आहे. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात गेला. आपल्या देशात मोबाईल ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाला आणि बीएसएनएलची सेवा २००२ साली आली. एका एसएमएसच्या पिशवीत १४० बाइट मावत. इंग्रजी अक्षर त्यात दाटीवाटीने बसवले की १६० अक्षरे जात. उर्दू किंवा देवनागरी अक्षराला दुप्पट जागा लागे, म्हणून फक्त ७०. आमचा पूर्ण सलाम, ‘व बरकातुहू’पर्यंत, उर्दूत लिहिला तर मोकळ्या जागा धरून ३१ खणांचा होतो. म्हणजे सलाम करण्यातच जवळजवळ अर्धा मेसेज संपला. पैसे मात्र पूर्ण, आणि सणावारी सवलतीचे पॅक चालत नसत. तोही उर्दू टाइप होणारा हँडसेट असेल तर. बहुतेकांवर उर्दूच्या जागी नुसते चौकोन उमटत. नस्तालीक तर यंत्राला फारच जड. उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. लाहोरचा ‘जंग’ १९८१ साली नूरी नस्तालीकात संगणकावर निघाला, त्यासाठी मिर्झा अहमद जमील यांना हजारो जोडरूपे हाताने लिहून द्यावी लागली. ही लिपी नोकियाच्या नखाएवढ्या पडद्यावर कशी मावावी? आयफोनवर उर्दूसाठी नस्तालीक वळण यायला २०१७ साल उजाडले, आणि गेवराईच्या उर्दू शाळेत आयफोन कुणाच्या खिशात असणार!

मराठी मुलांचेही तेच झाले. त्यांनीही ‘मी येतोय’ इंग्रजी अक्षरांत लिहिले. यातून एक गोष्ट अशी घडली की तिची नोंद घ्यायला हवी. क्रिकेटच्या एकाच ग्रुपवर आमचा मुलगा दखनीत लिहितो, त्याचा मराठी शाळेतला दोस्त मराठीत उत्तर देतो आणि दोघांचेही अक्षर एकच. उर्दू शाळेतला मुलगा पहिलीपासून मराठी शिकतो, त्याला देवनागरी येते. मराठी शाळेतल्याला उर्दू अक्षर कधी येत नव्हते. आता दोस्ताची बोली त्याला लिहिलेली वाचता येते. रोमन उर्दू इंग्रजांच्या फौजेत शिपायांना शिकवीत असत, ती हुकूम कळावा म्हणून. इथे ती पोरांनी आपापसात उचलली आहे. लिपी बदलली की कौम संपली, असे आम्ही म्हणत नाही. हा अंकही देवनागरीत आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण आपले दुःख-सुख या अक्षरांत मांडतो आहोत आणि त्याची आपल्याला लाज नाही.

तरीही आमच्या मनात भीती आहे आणि ती शब्द तोडण्याची नाही. डेव्हिड क्रिस्टल या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने २००८ साली एसएमएसच्या भाषेवर पुस्तक लिहिले आणि लोकांची घबराट फाजील ठरवली. शब्द तोडायला आधी शब्द यावा लागतो, असा त्याचा मुद्दा. कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या संशोधकांनाही असेच दिसले, की अशी तोडमोड करणारी मुले वाचनात मागे नव्हती, उलट थोडी पुढेच होती. हे निष्कर्ष आपले लोक हल्ली मोठ्या हौसेने सांगतात. पण ती मुले ज्या अक्षरांत शाळेत वाचत होती त्याच अक्षरांत मोबाईलवर लिहीत होती. आपल्या मुलांचे तसे नाही. इंग्रज मुलाचा प्रत्येक मेसेज म्हणजे, वेडावाकडा का होईना, त्याच्या लिपीचा सराव. उर्दू शाळेतल्या मुलाचा प्रत्येक मेसेज म्हणजे त्या लिपीची सुट्टी.

वहीत काय दिसते ते सांगतो. सगळ्याच चुका मोबाईलच्या नव्हेत. ‘कलम’ मोठ्या काफऐवजी ‘खे’ने लिहिणारी मुले आम्हाला दरवर्षी भेटतात, ती दखनी जिभेची चूक आहे, आपण काफचा उच्चार ‘ख’सारखा करतो, आणि मोबाईल येण्याआधीही तो असाच होता. मोबाईलची चूक वेगळी आहे. से, सीन, स्वाद. जाल, जे, ज्वाद, जोए. जिभेला यांत फरक नाही, फरक डोळ्याला आणि हाताला आहे. रोमनमध्ये तिन्हींचा एकच एस आणि चौघांचा एकच झेड. रोज तेच लिहिणाऱ्या मुलाचा हात वहीवर येऊन थबकतो. तो लिहितो सगळे सीनने. ‘सदा’ स्वादने लिहिली तर हाक, सीनने लिहिली तर नेहमी. ‘अर्ज’ ऐनने लिहिला तर विनंती, अलिफने लिहिला तर जमीन. अरब पोरांनीही इंग्रजी अक्षरे उचलली, पण ऐन सोडवेना, म्हणून त्याच्या जागी इंग्रजी तीनचा आकडा घातला, तो उलट्या ऐनसारखा दिसतो. त्यांच्या घशात ऐन जिवंत आहे. आपल्याकडे तो फक्त कागदावर होता. कागद सुटला की तो गेलाच.

आणि आता रोमनही सुटत चालली आहे. २०१३ साली व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आले, २०१६ साली जिओने डेटा स्वस्त केला, २०२० साली कोरोनात शाळा बंद झाल्या आणि अभ्यासाच्या नावाने घरोघर मोबाईल मुलांच्या हाती गेला. आजचा नववीतला मुलगा लिहितच नाही, अंगठा दाबून बोलतो. त्याच्या मोठ्या भावाने दहा-बारा वर्षांपूर्वी इंग्रजी अक्षरांत जी दखनी लिहिली, ती निदान लिहिलेली होती.

लिपी गेल्याने काय जाते, हे आपल्या भागाने अलीकडेच पाहिले. १९५०च्या सुमारास मोडी शाळांतून मागे पडली. छापखान्याला बाळबोध सोपी होती. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस ॲक्शन झाली, उर्दूची सरकारी गादी गेली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. तालुका कचेरीतली उर्दू-फारसी बस्तने कपाटात गेली आणि ती वाचणारे एकेक करून कब्रस्तानात. ७० वर्षे कुणाला त्यांची आठवण झाली नाही. मग २०२३ साली गेवराईजवळच, गोदावरीपलीकडे अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. आरक्षणाचा वाद हा या लेखाचा विषय नव्हे. पण त्या दिवसांत तहसील कचेऱ्यांतली बस्तने सुटली, खासरापत्रके, पाहणीपत्रके बाहेर आली, आणि उर्दू व मोडी कागदांचे भाषांतर करून घेण्याचा आदेश निघाला. मराठवाडाभर मोडी वाचणारे आणि उर्दू वाचणारे हुडकणे सुरू झाले. ज्या लिपीकडे पाहून ‘ये पढ के क्या नौकरी मिलती’ असे आपलेच लोक म्हणत होते, तिच्यात शेजाऱ्याच्या खानदानाचा दाखला दडून बसला होता.

शेजारच्या गावचे एक मराठा शेतकरी आजोबांच्या नावचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून शाळेत घेऊन आले होते. ‘गुरुजी, तुमची उर्दू आहे ना ही?’ होती उर्दूच, पण शिकस्ता. छापील बालभारती वाचणाऱ्यांना, मग ते डी.एड. असोत की बी.एड., ती सहज उतरत नव्हती. गावात एक ८५ वर्षांचे बुजुर्ग आहेत, त्यांनी निजामाच्या शाळेत दोन जमाती काढल्या. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाला धरला आणि बोट फिरवत नाव, बापाचे नाव, गाव, नंबर वाचून दाखवला. एका ठिकाणी ते थांबले. ‘अर्ज’ शब्द होता. ऐन आहे की अलिफ, हे पाहण्यासाठी त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग म्हणाले, ‘जमीन नै, दरख्वास्त.’ शेतकऱ्याने ते मराठीत लिहून घेतले. आमच्या आठवीतली दोन मुले दारात उभी राहून हे बघत होती. त्यांतल्या एकाने मोबाईलवर त्या कागदाचा फोटो काढून घेतला.

त्यानंतर आम्ही आठवड्यातला एक तास असा ठेवला आहे की मुलांनी आपल्याच मोबाईलवरचा एक मेसेज आणायचा आणि फळ्यावर उर्दू अक्षरात उतरवायचा. भाषा बदलायची नाही, ‘मेरेकू’चे ‘मुझे’ करायचे नाही. पहिल्या तासाला हसण्यातच वेळ गेला. दुसऱ्या तासाला एका मुलीने विचारले की ‘नक्को’ लिहिताना काफवर तश्दीद द्यायची का? जुन्या दखनी शायरीत ‘नको’ असा बिनतश्दीद शब्द आहे, हे आम्ही तिला सांगितले. ती म्हणाली, ‘पर सर, हम तो नक्को बोलते.’ फळ्यावर दोन्ही लिहून ठेवले.